साहेबांची गाडी, हेल्परची सायकल

मागच्या अंकात या सदरातून एक प्रश्न विचारला होता: कामावर सायकलनं जावंसं वाटतं का, आणि जमत नसेल तर नेमकं अडतं कुठे? खड्डे, धूळ, उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले यांच्याबद्दल पत्रं येणार हे ठाऊकच होतं, तशी ती आलीही. पण मोठा गठ्ठा निघाला तो कंपनीच्या गेटच्या आतल्या गोष्टींचा. कोण हसलं, कोणी अडवलं, सायकल कुठे लावायला सांगितली. मी बहुतेक सारी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी म्हणून केली आणि शेवटची काही वर्षं हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये होते. चिंचवडहून भोसरीला सायकलवर जायचे. या पत्रांतलं बरंचसं मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे, त्याच भरवशावर उत्तरं देते. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर असा क्रम आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

मी वाकडला राहते, हिंजवडी फेज एकमध्ये टीम लीड आहे. अंतर पाच-सहा किलोमीटर. रस्त्याला मी सरावले, ऑफिसला नाही. गेटवर रोज अडवतात, ‘मॅडम, सायकल आत घेत नाहीत’, म्हणून ती बाहेर कुंपणाला बांधावी लागते. टीममधले विचारतात, ‘काय, ईएमआय जड जातोय का?’ परवा मॅनेजर म्हणाले, क्लायंट येणार आहे, त्या दिवशी तरी कॅबनं ये. अप्रेझल तोंडावर आलंय. सायकल सोडून द्यावी का?

सोडू नका. निदान अप्रेझलच्या आधी तर मुळीच नको. आत्ता सोडलीत तर ‘सांगितलं की ऐकते’ एवढंच मॅनेजरच्या लक्षात राहील.

आधी गेटचं बघू. तिथला सिक्युरिटी गार्ड तुमचा शत्रू नाही. त्याच्या हातात अ‍ॅडमिननं दिलेली सूचनांची यादी असते आणि त्या यादीत वाहन म्हणजे स्टिकर असलेलं वाहन. स्टिकरच्या अर्जाला गाडीचा नंबर आणि आरसीची प्रत लागते. सायकलला आरसी नसते, म्हणून अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून स्टिकर मिळत नाही, म्हणून सायकल बाहेर. बहुतेक ठिकाणी मुद्दाम ठरवून कुणी सायकलला बंदी केलेली नसते. अर्ज तयार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सायकल आलेलीच नसते. आणि हे गाऱ्हाण्यापेक्षा गंभीर आहे, कारण ज्या कागदावर तुम्ही नाही त्या कागदाशी भांडताही येत नाही.

जवळपास प्रत्येक सायकलच्या सांगाड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो, बहुधा पायडलच्या दांड्याच्या खालच्या बाजूला. तो उतरवून घ्या, सायकलचा फोटो जोडा आणि अ‍ॅडमिनला मेल करा. ‘परवानगी मिळेल का’ असं विचारू नका. ‘माझी सायकल या क्रमांकाची आहे, स्टिकर द्यावा आणि कुठे लावायची ते कळवावं’ असं लिहा. पूर्वी पुण्यात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे, तेव्हा सायकलीची नोंद ठेवणं ही आपल्याकडे काही नवी कल्पना नाही. इमारत अनेक कंपन्यांची असेल तर पार्किंगचं काम आयटी पार्कच्या देखभाल कंपनीकडे असतं. तिथे तुमचा एकटीचा मेल चालत नाही, तुमच्या अ‍ॅडमिननं पाठवावा लागतो.

आता टोमण्यांचं. पर्यावरणावर भाषण देऊ नका, समोरच्याला वाटतं आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. ‘मी वीस मिनिटांत पोचते’ एवढंच म्हणा. संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडताना तासभर क्लचवर पाय ठेवून बसलेल्या माणसाला त्यातलं सारं कळतं.

तुम्हाला खरी गरज आहे ती दुसऱ्या सायकलवाल्याची. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली नोकरदारांच्या सायकलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या देशात सपाट जमीन आणि सायकलींचे वेगळे रस्ते आहेत, तिथेसुद्धा ‘मी सायकलनं यावं अशी सहकाऱ्यांची अपेक्षा आहे’ ही भावना असलेले लोक जास्त सायकल चालवतात असं त्यात दिसलं. इमारतीच्या आत सायकल लावायची सोय आणि कपडे बदलायची जागा याही गोष्टी त्यात होत्या. तुमच्याकडे आज उलटी अपेक्षा आहे. ती एकटीनं बदलत नाही, दोघी झाल्या की बदलायला लागते. तुमच्या मजल्यावर नसेल, पण त्या इमारतीत कुणीतरी आठवड्यातून एकदा सायकल काढणारं नक्की आहे. त्यांना शोधा आणि एकाच दिवशी या.

मॅनेजरशी समोरासमोर बोला आणि एकच प्रश्न विचारा, ‘माझ्या कामात किंवा वेळेत काही कमी पडलंय का?’ उत्तर ‘नाही’ येईल. मग क्लायंटच्या दिवशीचे कपडे आदल्या दिवशीच ऑफिसात आणून ठेवा, पंधरा मिनिटं आधी पोचा. क्लायंट तुम्हाला मीटिंगच्या खोलीत भेटतो. तुम्ही कशावरून आलात हे त्याला कळायचं कारण नाही, आणि कळलंच तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी नाशिकला बँकेत आहे. चार किलोमीटर सायकलनं जातो. एप्रिल-मेमध्ये शर्ट ओला होतो, स्टाफरूममध्ये बदलायला लाज वाटते. शॉवरची मागणी करावी का?

चार किलोमीटरला शॉवर लागत नाही. वेग लागतो, म्हणजे कमी वेग. पाच मिनिटं उशिरा पोचायची तयारी ठेवली तर निम्मा घाम येतच नाही. ताज्या घामाला फारसा वास नसतो. तो अंगावर वाळला आणि त्यात जिवाणू वाढले की वास सुटतो. म्हणून पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली थांबा, ओल्या पंचानं अंग पुसा आणि मगच शर्ट बदला. पाठीवरची सॅक काढून कॅरिअरला बांधा, पाठ भिजण्याचं मोठं कारण तीच असते. आणि सायकल घेताना दुकानदार गियरवाली, चकचकीत दाखवेल. तिला बऱ्याचदा मडगार्ड नसतं, चेनगार्ड नसतं, कॅरिअर नसतं. ऑफिसच्या पँटला साधी, पूर्ण झाकलेल्या चेनची सायकलच बरी.

मागणी मात्र जरूर करा, ती एका खोलीची. आतून कडी, चार खुंट्या, एक आरसा, ओला टॉवेल वाळत घालायला दोरी. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४२ धुण्या-आंघोळीच्या सोयीबद्दल होतं, कलम ४३ कपडे ठेवण्याच्या आणि ओले कपडे वाळवण्याच्या जागेबद्दल. म्हणजे कामावर येणाऱ्या माणसाचे कपडे भिजतात आणि ते वाळवायला जागा लागते, हे आपल्या कायद्यानं स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच मान्य केलं होतं. बँकेला ते कलम लागू नव्हतं एवढंच. भोसरीच्या कारखान्यात शिफ्ट सुटली की कामगार हातपाय धुऊन, कपडे बदलून, भांग पाडून सायकलीवर टांग मारायचे. कुणालाही त्यात लाजण्यासारखं वाटत नसे, कारण सगळेच तसं करत आणि जागा त्यासाठीच बांधलेली होती. तुम्हाला लाज वाटते ती जागा नसल्यामुळे.

चाकणच्या एका कारखान्यात अ‍ॅडमिन बघतो. गेल्या वर्षी ३ जूनला जागतिक सायकल दिन केला. टी-शर्ट वाटले, एमडींनी हिरवा झेंडा दाखवला, एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत फेरी झाली, फोटो छान आले. ४ जूनला स्टँड रिकामा. यंदा दीड लाखाचं बजेट आहे. काही टिकेल असं सुचवा.

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण ४ जूनला स्टँड बघायला जाणारे अधिकारी कमी असतात.

३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवला. तो पाळा किंवा पाळू नका, पण पैसे त्या दिवसावर घालू नका. त्याआधी एक काम करा. पहिल्या शिफ्टच्या आधी अर्धा तास गेटबाहेर उभे राहा. मेदनकरवाडी, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे इकडून खोल्या करून राहणारी मुलं येताना दिसतील. ठेक्यावरचे हेल्पर, कँटीनवाले, हाउसकीपिंगच्या बायका. त्यातले कितीतरी सायकलवर असतील. त्यांच्या सायकली कुठे लागतात ते बघा. माझ्या अंदाजानं कंपाउंडला टेकवून, उन्हात, एकमेकींत अडकवून. आत, झाडाखाली, छपराखाली गाड्या.

तुमच्याकडे सायकलनं येणारी माणसं आहेतच. ती मोजलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत कामावर कशानं जाता असं विचारलं होतं. शेती सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख लोकांनी सायकल सांगितली. स्कूटर-मोटरसायकल सांगणारे २ कोटी ५० लाखांच्या आसपास होते. या देशात सायकलवरून कामावर जाणं बंद कधीच पडलं नव्हतं. ते आपल्या नजरेतून गेलं. आणि कंपनी ज्या सायकलींना गेटबाहेर ठेवते, त्याच वाहनावर इंजिनिअरनं अभिमानानं यावं अशी अपेक्षा करते. त्याला कळतं हो, इथे सायकलवाल्याची जागा कुठली आहे ते. तो का येईल?

म्हणून दीड लाखाचं असं करा. टाइम ऑफिसच्या, म्हणजे पंचिंगच्या मशिनच्या सर्वांत जवळची जागा सायकलींना द्या. या एका गोष्टीवर भांडण होईल, कारण ती जागा आज कुणातरी जनरल मॅनेजरच्या गाडीची असणार. भांडा. त्यावर पत्र्याचं छप्पर घाला, दिवा लावा, आणि जमिनीत लोखंडी पाइप वाकवून रोवा, म्हणजे सायकलचा सांगाडा साखळीनं बांधता येईल. नुसतं पुढचं चाक अडकवायचे स्टँड घेऊ नका, त्यात चाक वाकतं आणि सायकल चोरीला जायची ती जातेच. एक मोठा हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान तिथेच टांगा. गावातला सायकल मिस्त्री पंधरा दिवसांतून एकदा शिफ्ट बदलताना दोन तास बसेल असं ठरवा, मजुरी कंपनी देईल. स्टँड सर्वांना एकच. स्टाफचा वेगळा, ठेक्याच्या माणसांचा वेगळा असं केलंत तर हे सगळं वाया गेलं.

यानंतरची गोष्ट पैशाची नाही, म्हणून जास्त अवघड आहे. कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर बसमधल्या कुणाला लेट मार्क लागत नाही. टाइम ऑफिस आपोआप माफ करतं. सायकल पंक्चर झालेल्या हेल्परला मात्र लेट मार्क लागतो आणि तिसऱ्या वेळेला अर्ध्या दिवसाचा पगार जातो. मी हा नियम एका कारखान्यात बदलून घेतला होता. महिन्यातून ठरावीक वेळा सायकलवाल्याचा उशीर बसच्या उशिरासारखाच धरायचा. त्याचा कुणी गैरफायदा घेईल म्हणून बैठकीत खूप आरडाओरडा झाला. नियम लागू झाल्यावर तक्रारीचा एक कागद माझ्या टेबलावर आला नाही.

पेट्रोलचंही बघा. अधिकाऱ्यांना गाडीच्या पेट्रोलचे पैसे मिळतात, सायकलवाल्याला शून्य. बेल्जियममध्ये १ मे २०२३ पासून खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्याला सायकलनं येण्याबद्दल दर किलोमीटरला पैसे मिळण्याचा हक्क आहे, सुरुवातीचा दर २७ युरो सेंट होता. तुम्ही वर्षाकाठी दोन टायर-ट्यूब आणि एक रेनकोट दिलात तरी चालेल. रेनकोट चांगला द्या, चाकणचा पाऊस बारीक नसतो.

एमडींचं काय करायचं? त्यांना झेंडा देऊ नका. ते कोरेगाव पार्कवरून येत असतील तर त्यांना सायकलवर बसवण्याचा देखावाही नको. प्लँट हेड किंवा एखादी मेंटेनन्सची मॅनेजर चाकणमध्येच राहत असेल, तिला विचारा. ज्या दिवशी ती हेल्परच्या शेजारी सायकल लावेल आणि त्याच्याकडून पंप मागून घेईल, त्या दिवशी तुमचं काम झालं. किलोमीटरच्या स्पर्धा मला पसंत नाहीत. त्या मोबाइल अ‍ॅपवर चालतात, शनिवार-रविवारी सिंहगडला जाणारे जिंकतात आणि रोज येणारा माणूस त्यात कुठेच नसतो. डेन्मार्कच्या सायकल संघटनेची कामावर सायकलनं जाण्याची मोहीम १९९७ पासून चालू आहे आणि तिथे ऑफिसातले लोक गट करून भाग घेतात. घ्यायचंच असेल तर ते घ्या, एकट्याचा पराक्रम नको.

एमडींना सादरीकरणात आकडा लागेलच. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली अडीच लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास छापून आला. सायकलनं कामावर जाणाऱ्यांत, अभ्यासाच्या काळात मृत्यू येण्याचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अभ्यास निरीक्षणाचा आहे, म्हणजे सगळं श्रेय सायकललाच आहे असं सिद्ध होत नाही. तेही स्लाइडवर लिहा, विश्वास वाढतो.

बाबा देहूरोडहून तळवड्याला एका कंपनीत हाउसकीपिंगला जातात, ठेकेदारामार्फत. वर्षानुवर्षं सायकलनं. मागच्या महिन्यात पहाटे जाताना टेम्पोचा धक्का लागला, हात मोडला. पगारातून ईएसआय कापतात. ठेकेदार म्हणतो, कंपनीच्या आवारात झालं नाही, आमचा संबंध नाही, आजारपणाची रजा टाका. मी बारावीला आहे. काय करू?

बाळा, ठेकेदार सांगतो ते बरोबर नाही. राज्य कामगार विमा, म्हणजेच ईएसआय, कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन कलम ५१-ई आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर, नोकरीतला अपघात धरला जातो. त्यानंतर आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. वाहन कोणतं हवं असं त्यात कुठेच नाही. सायकल चालते, पायी चालणाराही चालतो.

फरक मोठा आहे म्हणून नीट वाच. आजारपण म्हणून अर्ज केला तर साधारण वेतनाच्या ७० टक्के मिळतात आणि त्यालाही वर्षात ९१ दिवसांची मर्यादा. नोकरीतला अपघात ठरला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणून ९० टक्के मिळतात, आणि डॉक्टर काम करण्यास असमर्थ म्हणतील तोवर. म्हणून आजारपणाच्या अर्जावर बाबांना सही करू देऊ नकोस.

हे गोळा कर: ईएसआयचं पेहचान कार्ड, त्या दिवशीच्या शिफ्टची वेळ दाखवणारा कागद किंवा सुपरवायझरचा मेसेज, पोलिसांकडची नोंद, पहिल्या उपचाराचा कागद, आणि अपघात पाहिलेल्या एखाद्या माणसाचं नाव. अपघाताचा अहवाल मालकानं द्यायचा असतो. ठेकेदार देत नसेल तर बाबांच्या नावानं साध्या कागदावर अपघाताची सूचना लिही, एक प्रत ठेकेदाराला, एक ज्या कंपनीत काम करतात तिच्या एचआरला, एक ईएसआयच्या शाखा कार्यालयात, आणि प्रत्येकीची पोच घे. कंपनीला द्यायलाच हवी, कारण ठेक्यावरच्या माणसाच्या ईएसआय वर्गणीची पहिली जबाबदारी कायद्यानं मूळ मालकावर, म्हणजे त्या कंपनीवर असते. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे, पुढचे उपचार तिथे घेता येतील. शाखा कार्यालयात एकटी जाऊ नकोस, कामगार संघटनेचा माणूस किंवा शाळेतले एखादे सर बरोबर घे. टेम्पोवाल्याच्या विम्याचा दावा ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो, पण दोन्हीकडून भरपाई घेण्याबद्दल काही बंधनं आहेत, ती आधी वकिलांना विचार.

मासिकाच्या पत्त्यावर मला पुन्हा लिही. पोच मिळाली नाही तर पुढचं पत्र आपण मिळून लिहू.

रात्रपाळी असते. ऑफिस जवळ आहे, सायकलनं परतले तर चालेल का? एचआर म्हणते, कॅब नको असल्याचं लिहून दे.

लिहून देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोयही हवी. तो तुमचा हक्क आहे. दिवसपाळीत सायकल चालवा, रात्री कॅबमध्ये बसा. तुम्ही एक सही केलीत की तुमच्यामागून येणाऱ्या मुलींसमोर तोच कागद ठेवला जाईल.

कोथरूडहून बाणेरला जातो, वय ५४. चढ आहे म्हणून ई-सायकल घेतली. ऑफिसात चार्ज केली तर अकाउंट्सवाले म्हणतात, कंपनीची वीज वापरता. शिवाय ती मोटार वाहन आहे म्हणून आरसी मागतात.

मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन ६० किलोच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती मोटार वाहन धरत नाहीत. आरसी नाही, लायसन्स नाही. सायकल बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक त्यांना दाखवा. विजेचं म्हणाल तर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरायला साधारण ०.४ युनिट लागतं. एवढ्यावरून वाद घालण्यापेक्षा बॅटरी काढून घरीच चार्ज करा, जाऊन-येऊन आरामात पुरते. हेल्मेट घाला, कायद्यानं सक्ती नसली तरी.

मूळचा सांगलीचा, सध्या नेदरलँड्समध्ये आयंडहोव्हनला नोकरी. इथे डायरेक्टरपासून काल लागलेल्या मुलापर्यंत कितीतरी जण सायकलनं येतात, कुणी वळूनही बघत नाही. सहा महिन्यांनी पुण्याच्या ऑफिसात बदली आहे. तिथेही सायकल चालवायची आहे. आई फोनवर म्हणाली, ‘परदेशात राहून आलास आणि सायकल? लोक काय म्हणतील?’ पुण्यातल्या ऑफिसात हे निभेल का?

तिथलं वातावरण जन्मजात नाही हे आधी लक्षात घ्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ चं तेलसंकट आलं, रस्ते बदलले. त्याचबरोबर ऑफिसांचे नियमही घडत गेले. कामावर येण्याजाण्याबद्दल मालक दर किलोमीटरला करमुक्त रक्कम देऊ शकतो, २०२४ मध्ये ती २३ सेंट झाली, आणि ती सायकललाही लागू आहे. २०२० पासून कंपनीची सायकल घरी वापरायला दिली तर वर्षाला तिच्या किमतीच्या ७ टक्के रक्कमच उत्पन्नात धरतात. माणसं बघतात तेही महत्त्वाचं. २ जुलै २०२४ ला मार्क रुटे यांनी पंतप्रधानपदाची सूत्रं सोपवली आणि ते सायकलवर बसून निघून गेले. तिथे त्याची बातमी झाली, पण ‘यांना गाडी परवडत नाही का’ असं कुणी विचारलं नाही.

आईंना किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगा. तुमच्याच जिल्ह्यातली ती वसाहत १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवली. त्यांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात झाली, सायकलच्या दुकानातून. सांगलीच्या माणसानं सायकलला कमी लेखायचं काही कारण नाही. आणि आईंच्या काळजीत रस्त्याची भीतीही असेल. ती खोटी नाही, तिला हसू नका.

निभेल का, तर तुमचं इतरांपेक्षा सोपं जाईल. परदेशातून आलेल्या माणसाच्या सवयीला आपल्या ऑफिसांत मान मिळतो. हे न्याय्य नाही. तळवड्याच्या त्या बाबांची सायकल आणि तुमची सायकल यांत काहीच फरक नसतो. पण तो मान मिळणारच आहे तर तो वापरा. पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाल्यांच्या आणि हाउसकीपिंगच्या सायकली जिथे लागतात तिथेच तुमची लावा. गार्ड म्हणेल, साहेब, तुमची आत लावा. म्हणा, या सगळ्या आत घेणार असाल तर लावतो. मग तेच अ‍ॅडमिनला लिहून द्या. नव्या अधिकाऱ्याचं पहिलं पत्र सहसा कुणी बाजूला टाकत नाही.

बदलीची बोलणी चालू आहेत तोवर पुण्याच्या एचआरला तीन प्रश्न पाठवा: सायकल छपराखाली लावता येते का, कपडे बदलायला जागा आहे का, आणि कॅब किंवा गाडीची सोय घेतली नाही तर ते पैसे मिळतात का. बदलीचं पत्र हातात पडण्याआधी माणसाचं ऐकतात, नंतर वेळ लागतो. घरही त्याच हिशेबानं बघा, ऑफिसपासून सात-आठ किलोमीटरच्या आत. लांब घ्यावं लागलं तर मेट्रोच्या स्टेशनजवळ घ्या, पुणे मेट्रोत सायकल नेता येते, गर्दीची वेळ टाळून बघा. आणि घराचा करार करण्याआधी एखाद्या मंगळवारी सकाळी नऊला तो रस्ता स्वतः सायकलनं करून या, रविवारी नको.